गोदावरीचं मुख अन् रद्दीतला चार्ट: तुमचे प्रश्न

सर, इतवारीतल्या रद्दीवाल्याकडे गोदावरीच्या मुखाचा जुना इंग्रजी चार्ट, म्हणजे जहाजवाल्यांचा समुद्राचा नकाशा, मिळाला. पाण्यात आकडे आहेत, 2 च्या पायाशी बारीक 3. हे काय असते?

2 वाव 3 फूट. वाव म्हणजे 6 फूट, दोन्ही हात पसरले की होते तेवढं, म्हणजे तिथे 15 फूट पाणी. पण ते ओहोटीचं माप बरं का, भरतीला पाणी वाढते. वाळूच्या पट्ट्यावर आकड्याखाली रेघ असेल तर उलटं समजा, ओहोटीला पट्टा तेवढा उघडा पडतो. दोरीला शिशाचा गोळा बांधून खोली मोजत, गोळ्याच्या बुडाला चरबी चोपडलेली, तिला वाळू चिकटली की चिखल हे बघून तसं अक्षर चार्टवर टाकत.

आमच्या पोराने एक जुना सर्वे नकाशा गूगलच्या नकाशावर बसवला तर तेव्हाचा किनारा आजच्यापेक्षा चार किलोमीटर समुद्रात दिसते. एवढी जमीन गेली काय हो?

थांबा भाऊ, इथेच सगळे फसतात, मीही फसलो होतो. त्या काळी रेखांश मद्रासच्या वेधशाळेवरून धरत अन् तोच अंदाजे अडीच मिनिटं (घड्याळाची नव्हे, अंशाचा साठावा भाग म्हणजे मिनिट) पूर्वेला धरला होता, म्हणजे चार किलोमीटरच्या वर चूक, सर्वे खात्याच्या जुन्या नकाशांत अख्खा देशच तेवढा सरकलेला! पोराला सांगा, आतल्या भागातली जुनी देवळं पकडून नकाशा बसव, मग जो फरक उरेल तोच नदीचा. अन् तो उरतेच. काकीनाड्यासमोरचा होप आयलंड, 16 किलोमीटरच्या आसपास लांब वाळूची जीभ, ती गेल्या दोनेकशे वर्षांत गोदावरीच्या वाळूनेच बनली. शेजारचं कोरिंगा बंदर मात्र गाळात गेलं.

इंग्रज वर्ध्याकडचा कापूस बोटीने समुद्रावर नेणार होते, हे खरं की गप्पा?

खरं आहे. आपल्या नाग नदीचं पाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता करत गोदावरीलाच जाते ना, त्याच वाटेवर ऑर्थर कॉटन या इंग्रज इंजिनियरचा डोळा होता. अडचण खडकांची, नदीत तीन ठिकाणी बोट जाऊच शकत नाही, म्हणून गोदावरीवरच्या दुम्मागुडेमला बंधारा, कालवा, लॉक (बोट खालीवर करायचे दरवाजेवाले हौद) असं काम काढलं. तेवढ्यात 1867 ला नागपुरात रेल्वे आली, कापूस मुंबईकडे वळला अन् 1871 ला योजना गुंडाळली.