विचारा, सांगतो : ऑल-इन-वनमध्ये आय-सेव्हन बसेल का?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी लालबागला घरूनच डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल आणि आषाढ लागला की मंडळांची पावतीपुस्तकं. २०१६च्या दिवाळीत घेतलेला साडेएकवीस इंची ऑल-इन-वन (स्क्रीनमध्येच सगळा कॉम्प्युटर) आहे : आय-थ्री ६१००टी प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. खोली लहान, त्यामुळे वेगळा सीपीयू ठेवायला जागा नाही. सकाळी बटण दाबून मी कुकर लावते, तिसरी शिट्टी होते तरी हा कामाला तयार नसतो. टास्क मॅनेजर उघडला तर डिस्कपुढे १०० टक्के दिसतं आणि बराच वेळ ते खाली येत नाही. भाच्याने लॅमिंग्टन रोडला चौकशी केली. दुकानदार म्हणाला, वापरलेला आय-सेव्हन ८७०० घ्या, सॉकेट तेच आहे, आरामात बसेल. घेऊ का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, घेऊ नका. आगाऊ रक्कम दिली असेल तर भाच्याला आजच परत पाठवा.

सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती खाच, तेच आहे हे खरं. दोन्ही प्रोसेसर एलजीए ११५१चे, चिप जागेवर बसेलसुद्धा. पण आठव्या पिढीत (८७०० त्यातला) इंटेलने चिपच्या पोटावरच्या त्याच ११५१ ठिपक्यांपैकी काहींची कामं बदलली, विजेसाठी जास्त ठिपके घेतले आणि त्या पिढीला ३०० मालिकेचा चिपसेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची जोडीदार चिप, लागतो. तुमचा बोर्ड १०० मालिकेचा. बटण दाबल्यावर स्क्रीन काळीच राहील, आणि वापरलेला माल परत घ्यायला कुणी बांधील नसतं.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. मॉडेलच्या शेवटी ‘टी’ आहे. बऱ्याच ऑल-इन-वनमध्ये लॅपटॉपचे प्रोसेसर असतात, त्यांच्या शेवटी ‘यू’ असतो आणि ते बोर्डाला डाक देऊन चिकटवलेले असतात. ते बदलायचं म्हणजे बोर्डच बदलायचा. ६१००टी मात्र सॉकेटमधला, निघणारा आहे. त्याच्या जागी सहाव्या पिढीचे आय-फाइव्ह ६५००टी किंवा आय-सेव्हन ६७००टी चालू शकतात. कंपनीने तुमच्या मॉडेलमध्ये यांपैकी कोणता प्रोसेसर दिला होता, हे तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहून घ्या.

‘टी’ सोडून साधा ६७०० घेऊ नका, कितीही स्वस्तात मिळाला तरी. टी म्हणजे ३५ वॉट, साधा ६७०० म्हणजे ६५ वॉट. दादरच्या एका क्लासच्या मालकांच्या आग्रहाला मी एकदा मान दिला आणि ३५ वॉटच्या पातळ मशीनमध्ये तो ६५ वॉटचा बसवला. जानेवारीत छान चालला. मे महिन्यात फोन आला, की जुन्या आय-थ्रीपेक्षा हळू झालाय. गेलो तर पंखा पूर्ण वेगाने फिरतोय, तापमान १०० अंशांच्या आसपास, आणि स्वतःला वाचवायला प्रोसेसरने आपला वेग निम्म्याहून खाली आणलेला. बाहेरचा ॲडॉप्टर इतका तापला होता की हात ठेववत नव्हता. चूक माझी होती, मी पदरचे पैसे घालून ६७००टी आणून दिला. स्क्रीनच्या पाठीमागे दोन बोटांच्या जागेत बसवलेला पंखा ठरावीक उष्णताच बाहेर टाकू शकतो, आणि मुंबईचा उन्हाळा तर तुम्हाला ठाऊकच आहे.

आता तुम्ही सहज लिहून गेलात त्या ओळीकडे येतो : डिस्क १०० टक्के. तुमचं दुखणं तिथे आहे. अशा मशीनमधली हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेऱ्यांची, म्हणजे सेकंदाला ९० फेऱ्या. हवी ती माहिती सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी, साडेपाच मिलिसेकंद, शिवाय सुई सरकायला लागणारा वेळ वेगळा. विंडोज सुरू होताना हजारो बारीक बारीक फाइली वाचल्या जातात, तुमच्याकडे त्यात शेकडो फॉन्टची भर. त्यातून ४ जीबी रॅम भरली की विंडोज उरलेलं सामान त्याच डिस्कवर नेऊन ठेवतं आणि पुन्हा उचलून आणतं. प्रोसेसर बिचारा वाट बघत बसलेला असतो. तिथे आय-सेव्हन आणून बसवलात तर तोही वाटच बघेल.

आणखी एक. कोरल, म्हणजे पानं मांडायचं तुमचं सॉफ्टवेअर, त्यातलं बहुतेक काम एका वेळी प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे काम करणाऱ्या एकाच भागावर, चालतं. तुमचा ६१००टी ३.२ गिगाहर्ट्झवर चालतो, ६५००टी जास्तीत जास्त ३.१ वर. कोअर दोनाचे चार होतील, पण पावतीपुस्तकाचं पान उघडायला फरक पडणार नाही. ६७००टी ३.६ पर्यंत जातो, तो थोडा जाणवेल.

म्हणून आधी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, घाला, साटा जोडणीची, ५०० जीबीची पुरे. सोबत रॅम ८ जीबी करा. रॅम लॅपटॉपची लागते, पण विकत घेण्याआधी मशीन उघडून आतल्या पट्टीवरचं लेबल वाचा. सहाव्या पिढीत डीडीआर४ आणि डीडीआर३एल दोन्ही प्रकारची मशीन निघाली आणि एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. एवढं केलंत की पहिली शिट्टी व्हायच्या आत कोरल उघडलेलं असेल अशी माझी खात्री आहे.

मशीन उघडलंच आहे तर पंखा साफ करून घ्या. तुमच्या भागात गिरण्यांच्या जागी टॉवर उठताहेत, ती धूळ दहा वर्षांत पंख्यामागच्या पत्र्यांवर नमद्यासारखी जमलेली असणार. प्रोसेसरवरची पेस्ट एव्हाना वाळलेल्या चुन्यासारखी झाली असेल. ती पुसून साबुदाण्याएवढी नवी पेस्ट लावायला सांगा. चिप मात्र विनाकारण उचलू देऊ नका. या सॉकेटच्या पिना बोर्डावर असतात, केसासारख्या बारीक आणि वाकवलेल्या. पुसणाऱ्या फडक्याचा एक धागा अडकला तरी दोन पिना आडव्या होतात.

प्रोसेसरवर खर्च नको म्हणण्याचं मोठं कारण वेगळंच आहे. विंडोज १०चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११च्या यादीत इंटेलचे प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून पुढचे आहेत. सहाव्या पिढीचा आय-सेव्हन घातलात तरी तुम्ही त्या यादीबाहेरच राहाल. एसएसडी मात्र उद्या नवीन मशीनमध्येही जाईल, किंवा डबीत घालून बॅकअपला वापरता येईल. तोवर या मशीनवर बँकेचे व्यवहार करू नका, ते फोनवर करा.

दुकानात एसएसडी बसवताना ‘नवीन विंडोज टाकून देतो’ म्हणतील. नको म्हणा. जुन्या डिस्कचा क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, करून मागा, म्हणजे श्रीलिपीचे फॉन्ट, कोरलची मांडणी, मंडळांचे गेल्या वर्षांचे साचे जसेच्या तसे येतात. फॉन्टचा डोंगल (यूएसबीला लावायची परवान्याची किल्ली) असेल तर तो सोबत न्या आणि दुकानातच एक जुनी फाइल उघडून जोडाक्षरं नीट दिसतात का ते बघा. आणि जुनी डिस्क परत मागून घ्या. यंदाच्या पावतीपुस्तकांचं काम संपून विसर्जन होईपर्यंत ती कपाटात तशीच ठेवा, पुसू नका.