वजन उतरवताना घाई नको
एकदम निम्म्या जेवणावर येऊ नका. आधी आठवडाभर नेहमीसारखंच खा, फक्त सगळं लिहून ठेवा. तेल चमच्याने मोजा. एका मोठ्या चमच्यात जवळपास १२० कॅलरी असतात आणि हिशेब बहुतेकदा तिथेच चुकतो. मग रोजच्या ३०० ते ५०० कमी करा. सुरुवातीला काटा भरभर उतरेल, पण त्यात बरंचसं पाणीच असतं, तेव्हा हुरळून जाऊ नका. वजन रोज सकाळी बघा, तुलना मात्र आठवड्याच्या सरासरीची करा.

खरी कसोटी हवं तेवढं वजन उतरल्यावर आहे. हलक्या झालेल्या शरीराला कॅलरी कमी लागतात, म्हणून जुन्या आहारावर लगेच परतू नका. दर आठवड्याला रोजच्या १०० वाढवत जा आणि सरासरी स्थिरावली की तिथेच थांबा.