नवी गाडी घेतलीस, आता ऐक
भावा, चाकाखाली लिंबं चिरडून झाली न्हवं? आता पहिले 1000 किलोमीटर हायवेला एकाच स्पीडला धरून पळवू नको, वेग कमी-जास्त होऊ दे. जोतिबाच्या चढाला पाच माणसं, एसी चालू आणि तिसरा गिअर असला की गाडी रडणारच. छोटं टर्बो इंजिन कमी आरपीएमला, म्हणजे हळू फिरताना, सुस्त असतं. दुसरा टाक, सरळ चढते. माझी तिथंच बंद पडलेली. मागं वडापवाला (शेअर जीपवाला) हॉर्नवर हॉर्न, शेजारी बायको गप्प! टायरच्या हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर बघ, पंपवाल्याच्या अंदाजावर जाऊ नको. मायलेज इतक्यात मोजूच नको. सीटमध्ये साइड एअरबॅग असतील तर बाजारातलं साधं कव्हर चढवू नको. आणि सीटवरचं ते प्लॅस्टिक आजच फाड लगा!