तांब्याचा रॉड आणि चिकटलेले चुंबक

प्रश्न : घराच्या अर्थिंगसाठी आम्ही दुकानातून 'तांब्याचा' रॉड आणला. मुलाने सहज त्याला चुंबक लावून पाहिले, तर ते घट्ट चिकटले. आमची फसवणूक झाली आहे का? आत लोखंड असेल, तर त्यातून वीज नीट जमिनीत जाईल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : दुकानदाराने निव्वळ तांब्याचा भाव लावला असेल, तर फसवणूक झालीच, मात्र रॉडमध्ये खोट आहे असे त्यावरून ठरत नाही. असे बहुतेक रॉड पोलादाचेच असतात आणि चांगल्या रॉडवर तांब्याचा साधारण 250 मायक्रॉन, म्हणजे पाव मिलिमीटर जाडीचा थर असतो. तांबे चुंबकाला चिकटत नाही, पण त्याला अडवतही नाही. चुंबकाच्या लेखी तो थर म्हणजे पाव मिलिमीटरची हवेची फट, त्यामुळे ओढ जराशी घटते, इतकेच. (ती किती घटली यावरून थराची जाडी सांगणारी उपकरणेही असतात.) जीआय पाइपवरच्या जस्ताचेही तसेच. निकेलचा मुलामा मात्र वेगळा, कारण निकेल स्वतःच चुंबकाकडे ओढले जाते.

विजेच्या बाबतीत हाच पातळ थर मोठे काम करतो. तांबे साध्या पोलादापेक्षा आठ-दहा पट चांगले वाहक आहे. म्हणून 17 मिलिमीटर व्यासाच्या रॉडच्या छेदात त्याचा वाटा जेमतेम 6 टक्के असला, तरी एकदिश (डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या) प्रवाहाचा सुमारे एक तृतीयांश भाग तोच वाहून नेतो. घरातल्या 50 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तने करणाऱ्या प्रवाहात पोलादाचे चुंबकत्वच प्रवाहाला पृष्ठभागाकडे ढकलते, गाभा बराचसा रिकामा राहतो आणि तांब्याचा वाटा आणखी वाढतो. वीज कोसळते तेव्हा तिच्यातील 10 लाख हर्ट्झच्या आसपासचे घटक तांब्यात जेमतेम 66 मायक्रॉन शिरतात, म्हणजे ते जवळजवळ सगळे वरच्या थरातूनच जातात. अर्थात, अर्थिंग चांगले की वाईट हे रॉडच्या धातूपेक्षा मातीच्या ओलाव्यावर जास्त अवलंबून असते.

थर खरा आहे का हे पाहण्यासाठी कानस लावायचा मोह मात्र आवरा. जस्त खरवडले गेले तर ते स्वतः झिजून पोलादाला वाचवते. तांब्याच्या बाबतीत उलट घडते आणि ओल्या मातीत उघडे पडलेले पोलाद अधिक वेगाने गंजते. पाहायचेच असेल, तर जमिनीबाहेर राहणारे वरचे टोक अर्थिंगची तार जोडणाऱ्या क्लॅम्पच्या वर किंचित घासून पाहावे.