मंत्र म्हटला की चोर समोर!

प्रश्न : ताई, मी नववीत आहे. जादूगार भावंडांची एक मालिका लिहायला घेतली आहे, पहिली दोन प्रकरणं सोबत पाठवते आहे. ओंकार आजोबांच्या वाड्यात राहतो. मे महिन्यात त्याची दोन आतेभावंडं, ईश्वरी आणि धाकटा निनाद, तिथे येतात आणि देवघरातली मंतरलेली समई नाहीशी होते. ईश्वरीला घडून गेलेलं दाखवणारा मंत्र येतो, असं मी पहिल्याच प्रकरणात लिहून बसले. आता तिने मंत्र म्हटला की चोर समोर! मंत्र काढून टाकू का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : अजिबात काढू नकोस. तुझ्या गोष्टीतली सगळ्यात छान चीज तीच आहे. फक्त तिला मर्यादा घाल, आणि ती मर्यादा चोरीच्या आधी वाचकाला सांगून टाक.

हा पेच जुना आहे. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्लिश धर्मगुरूने, जे स्वतः रहस्यकथा लिहीत, १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यात अमानवी शक्तींना सरळ मज्जाव होता. मला ते पटत नाही. जादू असली म्हणून वाचक फसत नाही, ऐनवेळी कुठूनतरी उपटली की फसतो.

हॅरी पॉटरचा तिसरा भाग पुन्हा काढ आणि हॅरीचा मित्र रॉन याच्या उंदराकडे नीट बघ. सुरुवातीलाच रॉन त्याला जादुई प्राण्यांच्या दुकानात दाखवायला नेतो. दुकानातली बाई त्याचा फाटका कान बघते, पुढच्या पंजाचं नसलेलं बोट बघते आणि म्हणते, असे साधे उंदीर काही तीन वर्षांपेक्षा जास्त जगत नाहीत. हा मात्र कितीतरी वर्षं त्या घरात आहे! आपण यावर विचार करणार तेवढ्यात वरच्या पिंजऱ्यावरून एक भलंमोठं नारिंगी मांजर रॉनच्या डोक्यावर झेप घेतं, आणि आपण बोट विसरतो. पुढे कळतं की हा उंदीर म्हणजे रूप बदललेला पीटर पेटिग्र्यू नावाचा माणूस. सगळे त्याला मेलेला समजत होते, कारण त्याचं फक्त एक बोट सापडलं होतं. सगळं आपल्या डोळ्यांसमोर ठेवलेलं होतं. जादूच्या गोष्टीतही पुरावा असा हातात धरता येणारा हवा.

आता तुझी समई. ईश्वरीचा मंत्र वस्तूंवर चालतो असं ठरव. देवघरातला आरसा, घंटा, समईखालचं ताम्हन, सगळं बोलतं, पण उजेडात पाहिलेलं तेवढंच. समई गेली ती विझल्यानंतर, म्हणजे चोर कुणालाच दिसलेला नाही. आरशात शेवटचं काय उरलंय? ज्योत आणि फुगलेले दोन गाल. कुणीतरी फुंकर मारली! आपल्या घरांत दिवा फुंकून विझवत नाहीत, फुलाने शांत करतात. मग फुंकणारं कोण? पहिल्या प्रकरणात आजीला निनादवर यावरूनच एकदा ओरडू दे, आणि लगेच आंब्यांची पेटी आल्याचा गोंधळ घाल. वाचक आजीचं बोलणं विसरेल. निनादने दिवा विझवला म्हणजे समईही त्यानेच नेली असं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. दुसऱ्या भागाला पुरेल एवढा धागा इथे आहे.

तिघांना कामं मात्र वाटून दे. सध्या ईश्वरीच सगळं करते आणि मुलगे मागे पळतात. ओंकार त्या वाड्यात बारा महिने राहतो. कुठली पायरी वाजते, माळ्याची किल्ली कुठे टांगलेली असते, हे त्यालाच ठाऊक असणार. पाहुण्या भावंडांना वर्षभरात बदललेलं दिसतं, जे रोज बघून ओंकारला दिसेनासं झालंय. आणि लहान मूल झोपलंय असं समजून मोठी माणसं त्याच्यासमोर काय काय बोलतात! निनादला ते ऐकू दे. तिघांचे तीन तुकडे जुळल्याशिवाय मंत्रातली फट भरता येणार नाही अशी रचना कर. त्यासाठी त्यांना आधी भांडू दे, एकमेकांपासून गोष्टी लपवू दे.

शेवटी पकडलेला चोर काळा झगा घातलेला परका मांत्रिक नसावा, असं मला मनापासून वाटतं. वाड्यातलं घरगुती राजकारण, आजोबांनी कुणाला न सांगितलेलं काही, तिथे शोध.

तिसरं प्रकरण ओंकारच्या नजरेतून लिहून बघ. आणि पहिल्या प्रकरणात समई पितळी आहे, दुसऱ्यात चांदीची झालीय. तेवढं एक ठरवून घे.