ऑनलाइन विकायला ठेवलेल्या जुन्या बेस गिटारची रास्त किंमत कशी ओळखायची?

भाऊ, तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. तुम्ही लिहिलंय की जाहिरातीत 'व्हिंटेज फेंडर जॅझ बेस, जपान, १९८५' असं आहे, विकणारा शिलाँगचा, मागणी १,३५,००० रुपये, फोटो तीन. तुम्ही आणखी एक फोटो मागवला, त्यात नेकच्या (लांब दांड्याच्या) मागे, बॉडीला जोडते तिथे, 'क्राफ्टेड इन जपान' आणि त्यापुढे ए हे अक्षर नि सहा आकडे दिसले. तुम्ही नागपुरात मनीष नगरात, बेस तिकडे, पैसे आधी द्यायचे. भाव बरोबर आहे का?

नाही. १९८५ चा म्हणून तर नाहीच, कारण तो १९८५ चा नाही.

फेंडर ही गिटार बनवणारी अमेरिकन कंपनी, जॅझ बेस हे तिचं एक मॉडेल. तिचं जपानी उत्पादन १९८२ साली सुरू झालं, मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात. पहिली बरीच वर्षं नेकवर 'मेड इन जपान' असायचं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी 'क्राफ्टेड इन जपान' आलं, आणि गोची अशी झाली की सिरीयल नंबरातली काही अक्षरं पुन्हा वापरली गेली. 'मेड इन'सोबत ए असेल तर १९८५-८६. 'क्राफ्टेड इन'सोबत तोच ए असेल तर १९९७-९८. विकणारा लबाडच असेल असं मी म्हणत नाही. त्याने नेटवर तक्ता उघडला असेल, ए दिसला, १९८५ वाचलं आणि खूश होऊन तिथेच थांबला. पण एका शब्दाच्या फरकाने बेस बारा वर्षांनी तरुण झाला, आणि या बाजारात तरुण झालेल्याचा भाव पडतो.

बेस वाईट आहे असा याचा अर्थ घेऊ नका. माझ्याकडे तसाच एक आहे, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात चार-चार तास गळ्यात असतो, कधी त्रास दिला नाही. दिवसा मी हिशेबाचं काम करतो, संध्याकाळी बेस वाजवतो, बावीस वर्षं झाली. एवढ्यात जुने बेस चार घेतले, दोन विकले आणि एकात सपशेल फसलो. त्या फसण्याचं पुढे सांगतो, कारण भाव काढायला मी शिकलो तो त्यातूनच.

आधी भाव पाहायचा कुठे ते. जाहिरातीत लिहिलेला आकडा ही विकणाऱ्याची इच्छा असते, भाव नसतो. आपल्याकडे लोक तीन जाहिराती पाहतात, तिन्हीत सव्वा लाख दिसतं आणि म्हणतात की रेट सव्वा लाखाचा आहे. अहो, तिन्ही बेस आठ-आठ महिने पडून आहेत, म्हणूनच तर तुम्हाला दिसून राहिले! पाहायचं ते विकले गेलेले. ईबेवर 'सोल्ड'चा फिल्टर आहे, रिव्हर्ब या वाद्यांच्या खरेदी-विक्रीच्या साइटवर प्रत्यक्ष व्यवहारांवरून काढलेला प्राइस गाइड आहे. ईबेवर एक खोच लक्षात ठेवा: किंमत हिरव्या अक्षरात पण खोडलेली दिसली तर समजायचं की घासाघीस होऊन सौदा त्याहून कमीत तुटला, खरा आकडा तिथे दिसत नाही. हुबेहूब तेच मॉडेल, तोच काळ, तीच अवस्था असे पाच-सहा व्यवहार काढा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडून द्या, उरलेल्यांची सरासरी घ्या.

हा झाला परदेशातला भाव. तोच बेस तुम्ही बाहेरून मागवला तर त्यावर जहाजभाडं किंवा विमानभाडं आणि विमा चढतो, मग या सगळ्या बेरजेवर कस्टम ड्युटी आणि आयजीएसटी लागतो. दर बदलत असतात, त्या त्या दिवशीचा पाहायचा. भारतातला विकणारा हमखास म्हणतो, "मागवून पाहा, केवढ्याला पडतो ते!" त्याचं खरं आहे. पण मागवून जेवढ्याला पडेल तो आकडा म्हणजे कमाल मर्यादा. तेवढेच पैसे द्यायचे असतील तर मी जगभरातल्या शंभर बेसमधून निवडीन ना, याचाच काहून घेऊ?

आता माझी फजिती. २०१४ साली एका मोठ्या शहरातल्या माणसाकडून मी १९७८ चा अमेरिकन प्रिसिजन बेस (फेंडरचंच दुसरं मॉडेल) घेतला. सिरीयल हेडस्टॉकवर (नेकच्या वरच्या टोकावर, खुंट्या असतात तिथे) होता, एस आणि पुढे ८. एस म्हणजे सत्तरचं दशक, ८ म्हणजे १९७८. (१९७६ च्या आधी हा नंबर बॉडीमागच्या पत्र्यावर असायचा. चार स्क्रू काढले की तो पत्रा कुठल्याही बेसला लागतो, त्यामुळे पत्र्यावरच्या नंबराला मी रेशन कार्डाच्या झेरॉक्सएवढीच किंमत देतो.) रंग सनबर्स्ट (मध्ये फिकट, कडेला गडद), उजवा हात टेकतो तिथे जरासा उडालेला, बघूनच प्रेमात पडावं असा. १,१०,००० मोजले. घरी आणला, तारा काढल्या, पुसून घ्यावा म्हणून पिकगार्डचे (बॉडीवरच्या प्लास्टिकच्या पट्टीचे) तेराच्या तेरा स्क्रू खोलले. पिकअपच्या (तारांचा आवाज उचलणाऱ्या चुंबकाच्या) खड्ड्याच्या कडेला पांढरा रंग. मला वाटलं प्रायमर असेल. टॉर्च घेऊन स्क्रूच्या भोकांत पाहिलं, तिथेही पांढरा, आणि त्या पांढऱ्यावर सनबर्स्टचे ओघळ. कारखान्यातून बेस पांढरा निघाला होता. सनबर्स्ट नंतर कुणीतरी मारला होता, फार सफाईने.

आवाजात काडीचा फरक नव्हता. पण मूळ रंग गेलेल्या जुन्या फेंडरचा भाव जवळपास निम्मा धरतात, हा या बाजारातला जुना ठोकताळा आहे. तीन वर्षांनी खरं सांगून विकला तेव्हा ६५,००० आले. विकणाऱ्याला फोन केला होता, तो म्हणाला, "तुम्ही विचारलं नाही." आणि तेही खरंच होतं.

तेव्हापासून मी विचारतो. तीन फोटोंवर मी बेसचा भाव सांगतच नाही. नेक खोलून तिच्या टाचेचा (बॉडीत बसणाऱ्या टोकाचा) फोटो, नेकच्या खाचेचा फोटो, पिकगार्ड काढून खड्ड्यांचा फोटो आणि पॉटच्या (आवाजाच्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीचा फोटो, एवढं हवं. टाचेवर जुन्या फेंडरमध्ये पेन्सिलने किंवा शिक्क्याने तारीख असते. पॉटच्या पाठीवर आकडे असतात, उदाहरणार्थ १३७७८१२: १३७ म्हणजे सीटीएस ही पॉट बनवणारी कंपनी, ७८ हे साल, १२ हा आठवडा. पॉट मूळचाच असेल तर बेस या तारखेच्या आधीचा असू शकत नाही, नंतरचा असू शकतो. फेंडरने १९६६ साली पॉटचा एवढा साठा करून ठेवला होता की तो सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत पुरला. म्हणून १९७१ च्या बेसमध्ये ६६ चा पॉट दिसला तर लगेच 'बदललाय' म्हणून भांडू नका. सोल्डर पाहा. जुना, न छेडलेला सोल्डर मळकट असतो. चकचकीत गोळा दिसला की तिथे कुणाचा तरी हात लागलाय.

"नेक कशाला खोलायची, सेटिंग बिघडेल" असं विकणारा म्हणाला तर मी नमस्कार करून मोकळा होतो. चार स्क्रूंचं काम आहे. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून काही वर्षं जॅझ बेसच्या नेकला तीनच स्क्रू असायचे, ते त्याहून सोपं. (आणि '१९६६ चा' सांगून कुणी तीन स्क्रूंचा जॅझ बेस दाखवला तर चहा पिऊन परत यायचं.)

आणखी एक वाद नेहमी होतो. विकणारा सांगतो, "मी यात ३०,००० चे पिकअप टाकले, ब्रिज बदलला, ते धरूनच किंमत आहे." इतवारीच्या सराफ्यात पाटल्या मोडायला घेऊन जा, घडणावळीचे पैसे कुणी परत देतो का? इथेही तसंच. उलट जुने पिकअप सोबत देत नसेल तर भाव कमी करा, आणि नवे बसवायला लाकूड कोरलं असेल तर आणखी कमी करा. फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) काढून फ्रेटलेस केलेल्या बेसबद्दल तर बोलायलाच नको.

वजनही विचारा. सत्तरच्या दशकातले काही बेस पाच किलोच्या घरात जातात, आणि हलका बेस नेहमी जास्त भावाने जातो. मी विकणाऱ्याला म्हणतो, गल्लीतल्या रद्दीवाल्याच्या काट्याला लटकवून फोटो पाठवा. एकाने खरंच पाठवला, मागे वर्तमानपत्रांचा ढीग, काट्यावर ४ किलो ८००. घेतला नाही, माझी पाठ आता पूर्वीची राहिली नाही.

१९६५ च्या जानेवारीत सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतली, त्याआधीच्या बेसचं जग निराळं, तिथे माझ्यासारख्याचं काम नाही. फक्त एवढं सांगतो की त्या काळातल्या रोझवूडच्या फिंगरबोर्डांत (नेकवर बोटं दाबतो त्या फळीत) ब्राझिलियन रोझवूड असतं, ते १९९२ पासून साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, परवान्याशिवाय सीमेपलीकडे नेता येत नाही. नंतरच्या बेसमध्ये इंडियन रोझवूड, म्हणजे आपलं शिसव. आणि नाव दोनदा वाचा: 'व्हिंटेज गिब्सन' म्हणून टाकलेल्या फोटोत हेडस्टॉकवर गिवसन असतं. तो कोलकात्याचा जुना ब्रँड, अमेरिकेच्या गिब्सनशी त्याचा संबंध नाही.

आता शिलाँग आणि नागपूर. हा मुद्दा किमतीचाच आहे, हवापाण्याच्या गप्पा नाहीत. ढगांत राहिलेलं लाकूड आपल्याकडे एप्रिलमध्ये उतरलं की सुकतं, आडवं आकसतं. फ्रेट धातूचे, ते आकसत नाहीत. पंधरा दिवसांत नेकच्या कडेवरून बोट फिरवलं तर करवतीवरून फिरवल्यासारखं वाटतं. मग घरात कूलर सुरू होतो. माझा पहिला बेस मी कूलरसमोरच्या खिळ्याला टांगला होता, दुपारी पंचेचाळीस डिग्रीची कोरडी हवा आणि रात्रभर ओला वारा. मे संपेपर्यंत नेक धनुष्यासारखी झाली. म्हणून ट्रस रॉड (नेकमधली, तिचा बाक सावरणारी सळई) चालतो की नाही हे विकणाऱ्याकडून व्हिडिओ कॉलवर पाहून घ्या. पहिला फ्रेट आणि बॉडीजवळचा फ्रेट एकाच वेळी दाबायला सांगा, सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. रॉडचा नट शेवटपर्यंत आवळलेला असेल आणि तरी फट मोठी असेल, तर तो बेस फुकटातही महाग. जुन्या पद्धतीच्या नेकमध्ये नट टाचेला असतो, नेक खोलल्याशिवाय दिसत नाही. पुन्हा तेच चार स्क्रू.

तुमचा हिशेब मी असा मांडीन. समजा १९९७-९८ च्या क्राफ्टेड इन जपान जॅझ बेसच्या व्यवहारांची सरासरी ७५,००० निघाली, आणि मागवून १,१०,००० ला पडतो. म्हणजे १,१०,००० च्या वर बोलणंच नाही. फ्रेटच्या कडा घासणं आणि सेटअप यांचे पाच-सहा हजार तुमच्या खिशातून जाणार. जाहिरातीत हार्ड केस नाही, साधी बॅग आहे, ती प्रवासाला चालत नाही, म्हणजे केस किंवा पेटीचा खर्च आला. मी ७०,००० पासून बोलायला सुरुवात केली असती आणि सगळं मूळचं निघालं तर ८५,००० ला थांबलो असतो. सुरुवात किमतीने करू नका. आधी 'क्राफ्टेड'चा फरक शांतपणे समजावून सांगा, दोन्ही तक्ते पाठवा. त्यालाही पटलं तर १,३५,००० आपोआप खाली येतील. चिडला तर तुमचे पैसे वाचले.

पैसे पूर्ण आधी देऊ नका. शिलाँग-गुवाहाटीकडे ओळखीचं कुणी असेल तर त्याच्या हाती बेस, त्याच्याच हातून पैसे. माझा दुसरा बेस मी कोलकात्याहून गीतांजलीने आणला, वरच्या बर्थवर तो लांब पसरलेला आणि मी गुडघे पोटाशी घेऊन. कुरियरने येणार असेल तर तारा पूर्ण काढू नका, दोन-तीन स्वर सैल करायला सांगा आणि हेडस्टॉकखाली कपडा भरायला सांगा.

टाचेचा फोटो आला की इथेच खाली टाका. त्या ए-नंतरचे सहा आकडे मात्र खोडून टाका, नाहीतर उद्या तोच नंबर दुसऱ्या जाहिरातीत दिसायचा.