राजीनाम्यावर सही करण्याआधी लेकीशी बोला

मुंबई विमानतळावर ग्राउंड हँडलिंगमध्ये, म्हणजे विमान जमिनीवर असतानाच्या कामांत, १९ वर्षं झाली. मी पुशबॅक ट्रॅक्टर, म्हणजे विमान मागे ढकलणारं वाहन, चालवतो. आम्ही सांभाळायचो त्यातल्या काही फ्लाइट नवी मुंबईला गेल्या आणि कंपनीने माणसं कमी करायला घेतली. राजीनामा द्या आणि तिकडच्या दुसऱ्या कंपनीत नव्याने रुजू व्हा, असं सांगतायत. पगार कमी आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे, तिला विमानांची मेंटेनन्स इंजिनिअर व्हायचंय. पण आमच्या घरात आता विमानाचं नाव नको. बी.कॉम. कर आणि बँकेच्या परीक्षा दे, असं मी तिला सांगितलंय. तेव्हापासून ती गप्प आहे. नोकरीचं तिला अजून कळू दिलेलं नाही. तुम्ही तिला समजवाल का?
– एक वडील, मरोळ

नमस्कार.

तिला मी समजावणार नाही. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खुपलं ते शेवटून दुसरं वाक्य. मुलीने आपलं स्वप्न सोडावं असं तुम्ही सांगताय, पण का सोडावं ते सांगत नाही. तिला एवढंच दिसतंय, की कालपर्यंत विमानांच्याच कामात असलेला बाप अचानक त्यांच्यावर चिडलाय. ती गप्प बसली, म्हणजे तिला पटलं असं समजू नका. आपलंच काहीतरी चुकलं असंही ती मनात धरून बसली असेल. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला घरातली खरी परिस्थिती झेपते. आईबाबांची कुजबुज आणि बंद दार मात्र झेपत नाही. म्हणून आधी तिला सगळं सांगा. बी.कॉम. की इंजिनिअरिंग, हे त्यानंतर.

तुमची भीती खोटी आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईत उतरलं. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली. दोन्ही विमान कंपन्या मुंबईच्याच. तुमच्या ओळखीची कितीतरी माणसं त्यात रस्त्यावर आली असतील. घरभाडं, कर्जाचे हप्ते, शाळेची फी, हे सगळं थकलेलं तुम्ही जवळून पाहिलं असेल. असं पाहिलेला बाप घाबरणारच.

पण या भीतीपोटी तुम्ही एका गैरसमजाला धरून बसला आहात. सरकारी किंवा बँकेची नोकरी लागली की जन्माची ददात मिटली, असं तुम्ही मानता. अहो, तुमच्या शेजारचीच गोष्ट घ्या. एअर इंडिया १९५३ पासून सरकारची होती. तिथे चिकटलं की झालं, असं कालिन्यापासून सांताक्रूझपर्यंत दोन पिढ्यांनी मानलं. २७ जानेवारी २०२२ ला ती टाटांकडे गेली. कर्मचाऱ्यांना हात लावायचा नाही ही अट होती, पण ती फक्त एका वर्षापुरती. कालिन्याच्या कॉलनीतली घरंही लोकांना सोडावी लागली. आता उलटी बाजू बघा. १५ मे २०२५ ला सेलेबी या कंपनीची सुरक्षा मंजुरी केंद्राने रद्द केली. मुंबईतलं ग्राउंड हँडलिंगचं मोठं काम त्यांच्याकडे होतं. दुसऱ्या दिवशीही विमानं उतरली आणि बेल्टवर बॅगा आल्या. कंपनी गेली, काम राहिलं. कंपनी बुडणं आणि धंदा बुडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्ही त्यांची गल्लत करताय. मुलीसाठी विचारायला हवं ते एवढंच: कंपनी गेली तर हिच्या हातात काय उरेल?

मेंटेनन्स इंजिनिअरच्या हातात लायसन्स उरतं. ते डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं केंद्र सरकारचं कार्यालय, देतं, त्या माणसाच्या नावावर देतं, आणि नोकरी बदलली तरी ते त्याच्याकडेच राहतं. त्याच्या सहीशिवाय विमान सेवेत परत जात नाही. जेट बंद पडल्यावर स्पाइसजेटने तिची काही विमानं घेतली, तिथली माणसंही घेतली. अशा वेळी लायसन्सवाल्याला आधी विचारणा होते, हे रॅम्पवर, विमानं उभी राहतात तिथे, तुम्ही पाहिलंच असेल. शिवाय विमानाच्या तपासणीचं काम एकाच विमानतळाला बांधलेलं नसतं. नागपूरच्या मिहानमध्येही त्याचं मोठं केंद्र आहे.

बँकेच्या परीक्षा पदवीनंतर देता येतात. बी.एस्सी.ला फिजिक्स-मॅथ्स घेतलं तर एअरपोर्ट अथॉरिटीची एअर ट्रॅफिक कंट्रोलची परीक्षाही पुढे आहे. बँकेच्या परीक्षांसाठी आज सायन्स सोडायचं काहीच कारण नाही.

आता तुमच्याबद्दल, कारण खरी घाई तिथे आहे. तो राजीनामा सही करून देऊ नका. कंपनी स्वतः कपात करते तेव्हा कामगाराला पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई द्यावी लागते, नोटीसही द्यावी लागते. तुम्ही स्वतःहून सोडलं असा कागद झाला, की त्या भरपाईवरचा हक्क गेला. ग्रॅच्युइटी वेगळी. पाच वर्षं पूर्ण झालेल्याला ती राजीनाम्यानंतरही मिळते, आणि तुमची तर एकोणीस झाली आहेत. नव्या कंपनीत जुनी सर्व्हिस धरणार का, हे तोंडी नको, लेखी मागा. तोंडी सांगणारा एचआरचा माणूस सहा महिन्यांनी तिथे असेलच असं नाही. युनियन असेल तर आजच भेटा. विमान वाहतुकीतले वाद केंद्रीय कामगार आयुक्तांकडे जातात, तिथे तक्रार करता येते.

‘मला दुसरं काय येतं’ असंही तुम्हाला वाटत असेल. भरलेलं विमान टो-बार लावून मागे ढकलताना ते पंखाच्या टोकालाही काही लागू न देता तुम्ही रोज बाहेर काढता. नवी मुंबईला नेमकी हीच माणसं लागणार आहेत, आणि तिथे काम देणारी एकच कंपनी नाही. एअरसाइड ड्रायव्हिंग परमिटची, म्हणजे विमानतळाच्या आत वाहन चालवण्याच्या परवान्याची, आणि ट्रेनिंगच्या सर्टिफिकेटांची झेरॉक्स काढून दुसऱ्या एजन्सींकडेही अर्ज टाका. न्हावा शेव्याला बंदरात यंत्रं चालवणाऱ्यांचीही चौकशी करा. मरोळहून उलव्याला, नवी मुंबई विमानतळावर, रात्रपाळी करणं सोपं नाही, मला माहीत आहे. पगार ठरवताना येण्याजाण्याचा खर्च आणि कंपनीची बस मिळणार का, हे आधीच बोलून घ्या.

मुलीच्या बाबतीत एक सावधगिरी. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ची पाटी लावून एव्हिएशन डिप्लोमा विकणाऱ्या दुकानांत जाऊ नका. एअरहोस्टेसचा कोर्स आणि मेंटेनन्सचा कोर्स एकाच ब्रोशरमध्ये दिसला तर मागे फिरा. संस्थेला डीजीसीएची सीएआर-१४७ मान्यता हवी. तीही बी१.१ म्हणजे मेकॅनिकलसाठी आहे की बी२ म्हणजे एव्हिऑनिक्ससाठी (विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा), हे डीजीसीएच्या यादीत स्वतः तपासा. कोर्स संपला म्हणजे लायसन्स मिळालं असं नाही. मॉड्यूलच्या, म्हणजे एकेका विषयाच्या, परीक्षा असतात, प्रत्यक्ष कामाचा अनुभव लॉगबुकमध्ये भरावा लागतो, आणि यात वर्षं जातात. फी काही लाखांत असते. त्यात पीएफ घालू नका. शैक्षणिक कर्ज बघा. तेही जड वाटलं तर सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात मेकॅनिकलला प्रवेश घेऊ दे. तिथूनही या क्षेत्रात येता येतं.

संस्था बघायला तिच्याबरोबर तुम्ही जा. हँगरमधलं इंजिन मुलांनी खरंच उघडलंय की नुसतं रंगवून ठेवलंय, हे तुम्हाला दारातूनच कळेल. गेल्या बॅचमधल्या किती जणांचे सगळे मॉड्यूल सुटले, ते विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर दोघं बाहेर पडा आणि पुढची संस्था बघा.